पहिले ४०० मीटर ६५ सेकंदांत, पुढचे ७६ मध्ये

पत्र थोडक्यात: वय १९, तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपासून ८०० मीटर धावते. पहिल्या वर्षात २:३४ मिनिटांवरून २:२२ वर आली. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत जेमतेम २:२१.२. त्या शर्यतीत पहिले ४०० मीटर ६५ सेकंदांत गेले, पुढचे ७६ मध्ये. नुसत्या ४०० मीटरची सर्वोत्तम वेळ ५९.८. १५०० एकदाच धावली, ५:०९. रस्त्यावर ५ किलोमीटर २२:४०. सराव सहा दिवस: सोमवारी ४०० चे दहा (म्हणजे ४०० मीटर दहा वेळा), मंगळवारी ३०० चे सहा, बुधवारी जिम, गुरुवारी २०० चे बारा, शुक्रवारी टेकडी, शनिवारी ६०० किंवा ८०० ची ट्रायल, म्हणजे वेळ लावून पूर्ण जोराची धाव. वॉर्मअप ग्राउंडचे दोन राउंड. शेवटच्या दीडशे मीटरला पाय लॉक होतात. सर म्हणतात, लॅक्टिक (जोरात धावताना स्नायूंत साठतं म्हणतात ते आम्ल) सहन करायची सवय लागत नाहीये, दोन रिपिटेशन वाढव. मैत्रिणी म्हणतात, तुझ्यात स्पीड नाही, १५०० कर. बाबा म्हणतात, पुरे झालं, पोलीस भरतीचं बघ. वजन उतरावं म्हणून तिने रात्रीची भाकरी बंद केली आहे. तीन महिने पाळी आलेली नाही, पण 'खेळाडूंना असं होतंच' असं तिला सांगितलं गेलंय. कॉलेजच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.८ निघालं. प्रश्न असा: स्पीड वाढवू, अंतर बदलू, की सोडून देऊ?

उत्तर:

पत्राच्या शेवटी दोन ओळींत तू जे उरकलंस, तिथूनच सुरुवात करू.

तीन महिने पाळी न येणं 'होतंच' या सदरात बसत नाही. खर्चापेक्षा खाणं कमी पडलं की शरीर आधी जगायला लागणाऱ्या गोष्टी सांभाळतं आणि पाळीसारख्या गोष्टी बंद ठेवतं. त्यासोबत इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. धावणाऱ्या मुलींमध्ये नडगीच्या हाडाला बारीक चीर पडण्यामागे हे कारण वारंवार सापडतं. तेव्हा या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्या इतर कारणंही तपासतील. 'मी आठवड्याला सहा दिवस पळते आणि रात्री जेवत नाही' हे मात्र तू आपणहून सांगायचं, नाहीतर ते विचारलंच जाणार नाही. नडगी दुखत असेल तर एका बोटाने दाबून बघ. हाडाच्या लांबीभर पसरलेलं दुखणं वेगळं. नेमक्या रुपयाएवढ्या जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबव आणि हाडाची तपासणी करून घे.

हिमोग्लोबिन. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, तुझं १०.८ आहे. स्नायूंपर्यंत ऑक्सिजन नेणारी गाडीच रिकामी धावतेय. अशा वेळी 'स्टॅमिना वाढत नाही' ही तक्रार करायची कुणाकडे? फेरिटिनची तपासणी करून घे, कारण शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो. ती जोरदार सरावाच्या दुसऱ्या दिवशी किंवा तापात करू नकोस. शरीराला सूज असली की फेरिटिन खोटं वर दिसतं. गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच. रोज दोन-दोन घेतल्याने लवकर भरून येत नाही. एक दिवसाआड घेतलेली गोळी अंगाला चांगली लागते असं अलीकडे दिसून आलंय, तसं चालेल का ते डॉक्टरांना विचार. गोळीसोबत लिंबूपाणी घे. चहा जेवणाला आणि गोळीला चिकटून नको, मध्ये किमान तासभर जाऊ दे. 'अशक्तपणा आहे, एक सलाइन लावून घे' हा सल्ला गावात सहज मिळतो. तो ऐकू नकोस. रुग्णालयातल्या उपचाराचा अपवाद सोडला, तर परवानगीशिवाय १२ तासांत १०० मिलीलीटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं डोपिंगच्या नियमांत बसत नाही.

आणि भाकरी आजपासून चालू. सकाळी ग्राउंडवरून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत दूध-केळं किंवा शेंगदाण्याचे दोन लाडू पोटात गेले पाहिजेत. अंघोळ, कॉलेज, मग बारा वाजता डबा, असं तुझ्या वयाच्या बहुतेक मुलींचं चालतं. शरीर बिघडतं ते त्या रिकाम्या चार तासांत.

आता धावण्याकडे. 'माझ्यात स्पीड नाही' हे तू गृहीत धरलंयस, पण तुझेच आकडे उलटं सांगतात. ५९.८ ची दुप्पट ११९.६. तुझी ८०० ची वेळ १४१.२. फरक २१.६ सेकंदांचा. तयारी नीट असलेल्या मुलीचा हा फरक साधारण १२ ते १६ असतो. १५०० कडे झुकणाऱ्या मुलीचा कमी, ४०० वाल्या मुलीचा जास्त. म्हणजे आहे त्याच स्पीडवर २:१५ च्या आसपास धावायला जागा आहे. उलट बाजूनेही बघ. २:२१ धावणारी, दमाची बाजू भक्कम असलेली मुलगी १५०० मीटर ४:५० ते ४:५५ मध्ये आणि ५ किलोमीटर १८ मिनिटांच्या पुढेमागे धावते. तू धावतेस ५:०९ आणि २२:४०. अंतर वाढत जातं तशी तू मागे पडतेस. याला स्पीडची उणीव म्हणत नाहीत.

शेवटच्या दीडशे मीटरला काय होतं ते शेतातल्या मोटारीवरून समजून घे. बोअरची मोटार पाणी वर चढवते आणि वर एक भरलेली टाकी असते. टाकीतून पाणी जोरात येतं, पण टाकी मोजकीच. मोटारीची धार सावकाश, पण ती चालूच राहते. ऑक्सिजनवर चालणारी ऊर्जा म्हणजे मोटार, ऑक्सिजनशिवायची ऊर्जा म्हणजे टाकी. ८०० मीटरमधली साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा मोटारीची असते, हे ऐकून बरेच जण चमकतात. तुझी टाकी चांगली आहे, ५९.८ ती दाखवतेच. मोटार मात्र अर्ध्या अश्वशक्तीची. त्यात तू पहिले ४०० मीटर ६५ मध्ये काढतेस, म्हणजे मोटार पाणी ओढायला लागायच्या आतच टाकी अर्ध्याखाली येते. ६५० मीटरला ती कोरडी पडते आणि पुढचं अंतर नुसत्या मोटारीवर.

लॅक्टिकबद्दल सर सांगतात ते तीस वर्षांपूर्वी सगळेच सांगत. ज्याला सर लॅक्टिक म्हणतात ते लॅक्टेट विष नाही; स्नायू आणि हृदय ते इंधन म्हणून जाळतात, आणि जोरदार सरावानंतर तासाभरात ते मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात त्या तंतूंना बसलेल्या ताणामुळे. तेव्हा 'मालिश करून लॅक्टिक काढणं' हा प्रकार नाहीच. पाय जड होतात त्याच वेळी स्नायूंत आम्लता आणि फॉस्फेट वाढलेलं असतं. ते सहन करायची सवय थोडी लागते, पण सहा-आठ आठवड्यांत तिची मर्यादा येते. २:३४ वरून २:२२ वर तू सरांच्या याच पद्धतीने आलीस, हे विसरू नकोस. तिचा जेवढा फायदा होता तेवढा मिळून गेलाय.

एक बेरीज करून बघ. ४ किलोमीटर, १.८, २.४, टेकडीचं दीड, ट्रायलचं एक, वर वॉर्मअपचे राउंड. सहा दिवस मरमर करून आठवड्याचे जेमतेम १४-१५ किलोमीटर होतात, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक पाऊल धापा टाकत. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि ऊर्जा तयार करणाऱ्या पेशींमधल्या भट्ट्या वाढतात त्या मुख्यतः सावकाश, लांब धावण्याने. ते तुझ्या आठवड्यात नाहीच. न्यूझीलंडचा पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर जिंकला आणि १९६४ ला टोकियोत ८०० व १५०० दोन्ही. त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड त्याला रविवारी डोंगरातला सुमारे ३५ किलोमीटरचा राउंड पळवत. तुला तेवढं करायचं नाही. आपल्या माण तालुक्यातली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिली आली, मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) वळली आणि २०१६ ला रिओत अंतिम फेरीत दहावी आली. लांब धावल्याने स्पीड मरतो ही भीती ग्राउंडवर फार आहे. स्पीड मरतो तो महिनोन्महिने जोरात धावायचंच सोडून दिलं तर. म्हणून पुढच्या आराखड्यात ते सोडलेलं नाही.

डॉक्टरांनी धावायला हरकत नाही म्हटल्यावर पहिले दोन आठवडे फक्त सावकाश, २५ किलोमीटरपर्यंत. पुढे ३०, ३५, मग एक आठवडा परत २८, आणि नंतर ४०-४२ वर स्थिर. तिथे पोचल्यावरचा आठवडा असा. सोमवारी ४० मिनिटं सावकाश, शेवटी ८० मीटरच्या सहा मोकळ्या धावा. सावकाश म्हणजे किलोमीटरला ६:०० ते ६:३०, शेजारच्या मैत्रिणीशी अख्खं वाक्य बोलता येईल असं. लाज वाटेल एवढं हळू वाटेल, आणि हीच पायरी सगळ्यांची चुकते: दहा मिनिटांनी आपोआप ५:३० वर जातेस, पाय दमतात आणि मंगळवार वाया जातो. मंगळवारी ६ मिनिटांचे चार तुकडे, किलोमीटरला ४:५५ ते ५:०० ने, मध्ये एक मिनिट जॉगिंग. या वेगाला चार-पाच शब्द बोलता आले पाहिजेत. शेवटचा तुकडा पहिल्याहून जलद गेला तरी चालेल, हळू गेला तर सुरुवात चुकली. बुधवारी जिम, धावणं नाही. गुरुवारी २०० चे आठ, प्रत्येकी ३५ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. ३१ मध्ये मारता येतात म्हणून मारायचे नाहीत. ३५ म्हणजे तुझा आजचा शर्यतीचा वेग, तो पायांना फुकटात पडावा एवढाच हेतू. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालायचे ते याच दिवशी; रोज घातल्याने टाच खाली राहते आणि पोटऱ्या व घोट्यामागची नस ओढली जाते. शुक्रवारी ३५ मिनिटं सावकाश. शनिवारी २५ मिनिटं सावकाश, मग टेकडीवर ८ ते १० सेकंदांच्या आठ पूर्ण जोराच्या धावा, खाली चालत येऊन दोन मिनिटं थांबून पुढची. रविवारी ६० मिनिटं, शक्यतो मातीच्या रस्त्याने. शनिवारची ट्रायल बंद. दर आठवड्याला परीक्षा दिली तर अभ्यास कधी करणार?

असे आठ आठवडे. त्यानंतर पाच आठवडे मंगळवारी ८०० चे पाच, त्यावेळच्या तुझ्या ५ किलोमीटरच्या वेगाने, मध्ये अडीच मिनिटं जॉगिंग. आणि शुक्रवारी एकच खरं कठीण काम: एका आठवड्यात ५०० चे तीन, ८६-८७ सेकंदांत, मध्ये पूर्ण आठ मिनिटं, दुसऱ्या आठवड्यात ६०० एक, १:४४ मध्ये, दहा मिनिटं थांबून २०० चे तीन, ३४ मध्ये. विश्रांती लांब आहे म्हणून 'सोपं आहे' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे. कमी विश्रांतीत वेग घसरतो, आणि पाय शिकतात तो घसरलेला वेग. तुझ्या ४०० च्या दहांचं तेच होतंय: शर्यतीसाठी हळू, दम वाढवायला जास्त जोरात. शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्मं करायचं, वेग तोच.

तुझ्या वेळा कुठल्या ग्राउंडवरच्या, हे पत्रात नाही. मातीचं ३०० मीटरचं ग्राउंड असेल तर एकदा टेपने मोज. फक्की मारलेल्या आतल्या रेषेवरून २० सेंटिमीटर बाहेर, कडेला उंच कठडा असेल तर ३० सेंटिमीटर बाहेर, तिथून मोजायचं. फक्की दर महिन्याला नव्याने मारताना वळणं आत सरकतात. ३०० चं २८८ झालं असेल तर ४ टक्के चूक, म्हणजे २:२१ वर साडेपाच सेकंद. वेळा त्याच घड्याळाच्या, ग्राउंड वेगळं, आणि आपण समजतो फॉर्म गेला.

वळणावरही असंच पाणी गळतं. दुसरीच्या खांद्याला खांदा लावून एक मीटर बाहेरून वळण घेतलंस तर प्रत्येक वळणाला ३.१४ मीटर जास्त. ८०० मध्ये पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये असतं, उरतात तीन: साडेनऊ मीटर, तुझ्या वेगाने दीड सेकंदाच्या वर. पहिलं वळण संपल्यावर लेन मोकळ्या होतात तेव्हा काटकोनात आत घुसू नकोस, पुढच्या वळणाच्या सुरुवातीवर नजर ठेवून तिरकं आत ये. ओव्हरटेक सरळ पट्ट्यावर.

दोन राउंडांचा वॉर्मअप म्हणजे कोरडी मोटार चालू करणं. १२ ते १५ मिनिटं जॉगिंग, ड्रिल्स, ८० मीटरच्या चार धावा, आणि शर्यतीच्या साधारण २० मिनिटं आधी २०० मीटरची एक धाव ३५ सेकंदांत. या शेवटच्या धावेने ऑक्सिजनचा पुरवठा शर्यतीत लवकर चढतो. मोठ्या स्पर्धांत शर्यतीआधी बराच वेळ कॉल रूममध्ये, म्हणजे खेळाडूंना जमवायच्या खोलीत, बसवून ठेवतात. तिथे ट्रॅकसूट काढून गार पडू नकोस, जागच्या जागी उड्या मारत राहा.

शर्यत कशी धावायची? केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ ला लंडनमध्ये ८०० मीटरचा १:४०.९१ हा विश्वविक्रम केला तेव्हा पहिले ४०० मीटर ४९.२८ मध्ये गेले आणि पुढचे ५१.६३ मध्ये, फरक अडीच सेकंदांच्याही आत. आपले श्रीराम सिंग १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पहिले ४०० मीटर सगळ्यांच्या पुढे ५०.८५ मध्ये गेले आणि १:४५.७७ मध्ये सातवे आले. तो भारतीय विक्रम २०१८ पर्यंत टिकला. इतकं धाडस करूनही त्यांचा फरक चारच सेकंदांचा होता. तुझा अकरा. पुढच्या शर्यतीत २०० मीटरला ३३, मग ३५, ३५, ३५. बेरीज २:१८. पहिल्या २०० नंतर चौघी-पाचजणी पुढे असतील आणि पोटात गोळा येईल. येऊ दे. ४५० मीटरपासून त्या एकेक मागे येतात.

१५०० कडे जायचं का? जायचं नाही, पण मोसमात दोनदा धावायचं, कारण मोटार किती वाढली ते तिथेच दिसतं. एकोणिसाव्या वर्षी अंतर कायमचं ठरवायची घाई कशाला? अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर क्रॉसकंट्रीतून पुढे आला, स्टीपलचेस नंतर.

बाबांचंही चुकत नाही, पण त्यांना एक सांग: पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटरच धावायचं असतं, आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. खेळ की भरती असा वाद तुमच्या घरात तरी निरर्थक आहे. भरतीचा गोळाफेक आणि १०० मीटर जिमच्या बुधवारात आणि शनिवारच्या टेकडीत बसतात. प्रमाणपत्रं मात्र मूळ प्रतींसकट नीट फाइलला लाव, पडताळणीत अडतं ते तिथेच.

सरांना 'तुमचं चुकतंय' म्हणायला जाऊ नकोस. रक्ताचा रिपोर्ट आणि वर केलेली किलोमीटरची बेरीज एका कागदावर लिहून ने आणि विचार, 'सर, आठ आठवडे ट्रायल थांबवून सकाळी लांब पळू का? गुरुवारचे २०० तुमच्याच घड्याळावर करते.' गुरुवार त्यांच्या हातात राहिला तर बाकीचं पटायला सोपं जातं. नाहीच पटलं तर निदान सोमवारचे ४०० आणि शनिवारची ट्रायल यांतलं एक बंद करायची परवानगी मागून घे.

आठव्या आठवड्याच्या रविवारी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी पुन्हा ५ किलोमीटर धाव. २१:३० च्या आत आलीस तर पुढच्या टप्प्याला लाग. नाही आलीस तर रिपिटेशन वाढवायच्या आधी फेरिटिन पुन्हा तपासून घे.